परतीचे तिकीट कोणाच्या हाती?



१ मे हा महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि आपल्या ख्रिस्तसभेत कामगार संत योसेफ यांचा सणही. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली हा सण मुद्दाम या तारखेला ठेवला. हाती रंधा घेतलेला योसेफ आपल्या सर्वांना आवडतो. त्याच्या कष्टाळू हातांचे कौतुक करणे सोपे आहे. पण तसेच हात असलेला एखादा मजूर परका असेल, त्याचे कागद अपुरे असतील आणि उद्या त्याला देशाबाहेर काढणार असतील, तर त्याच्या बाजूने उभे राहणे सोपे नाही. त्या कठीण प्रश्नाचा आज आपण मिळून विचार करू या.

प्रश्न असा आहे. एखाद्या कामगाराला सरकार हद्दपार करणार असेल, तर त्याच्या शेजारी काम करणाऱ्या स्थानिक कामगारांचे आणि त्यांच्या युनियनचे त्याच्याविषयी काही कर्तव्य आहे का? की तो मामला तो माणूस आणि सरकार यांच्यातला? आणि असा माणूस कमी पैशांत राबून इतरांची मजुरी पाडत असेल, तर तो गेला ते बरेच झाले, असे म्हणण्यात काय चूक?

हा प्रश्न दूरचा नाही. आपल्या कितीतरी घरांतील माणसे आखातात, जहाजांवर, परदेशात नोकरीला आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. हातापायांत बेड्या घालून आणलेल्या त्या माणसांत महाराष्ट्रातील तीन जण होते. हद्दपार होणारा माणूस म्हणजे कोणी दुसराच, असे आपल्याला म्हणता येत नाही.

एका गावात दोन गोद्या

एक घडलेली हकिकत पाहू. ऑगस्ट २००५मध्ये कतरिना चक्रीवादळाने अमेरिकेचा दक्षिण किनारा उद्ध्वस्त केला. समुद्रातील तेलाच्या रिग दुरुस्त करणारी सिग्नल इंटरनॅशनल नावाची कंपनी तेथे होती. तिच्या गोद्या मिसिसिपी राज्यातील पॅस्कागुला आणि टेक्सासमधील ऑरेंज येथे होत्या. कुशल माणसे मिळेनात, म्हणून २००६ पासून कंपनीने सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाईप फिटर आणले. भरती करणाऱ्यांपैकी एकाचे कार्यालय आपल्या मुंबईतच होते. कामगारांत केरळचे पुष्कळ होते, आणि कित्येकांनी आधी आखातात नोकऱ्या केल्या होत्या.

बहुतेकांनी त्यासाठी १० ते २० हजार डॉलर मोजले. त्या वेळच्या दराने हे साडेचार ते नऊ लाख रुपये होतात. कोणी जमीन विकली, कोणी बायकोचे दागिने गहाण टाकले, कोणी सावकाराचे कर्ज काढले. ग्रीन कार्ड मिळेल, पुढे बायकामुलांनाही नेता येईल, असे आश्वासन होते. हातात पडला तो मात्र काही महिन्यांचा तात्पुरता व्हिसा, आणि तोही एकाच मालकाशी बांधलेला. मालक सोडला की देशात राहण्याचा हक्क संपला. राहायला गोदीच्या आवारातच कंपनीची वसाहत होती. एकेका खोलीत २४पर्यंत माणसे कोंबलेली, आणि त्यासाठी महिन्याला सुमारे १,०५० डॉलर पगारातून कापून घेतले जात.

माणसे एकत्र येऊन या अन्यायाबद्दल बोलू लागली. तेव्हा ९ मार्च २००७ रोजी पहाटे पहारेकरी वसाहतीत शिरले. पुढाकार घेणाऱ्या काही जणांना कामावरून काढून एका खोलीत डांबण्यात आले. त्यांना थेट विमानात बसवून भारतात पाठवण्याचा बेत होता. डोक्यावर कर्ज घेऊन रिकाम्या हाताने घरी कसे जायचे? त्यांच्यापैकी एकाने मनगटाची शीर कापून घेतली. देवाच्या कृपेने तो वाचला. पुढे कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या शपथेवरील साक्षींतून असे बाहेर आले, की माणसांना गुपचूप परत कसे पाठवावे याचा सल्ला इमिग्रेशन खात्यातील अधिकाऱ्यांनीच त्यांना दिला होता.

आता याच गावातील दुसरी गोष्ट ऐका. त्याच मार्च महिन्यात पॅस्कागुलातील दुसऱ्या, कितीतरी मोठ्या गोदीत सुमारे सात हजार स्थानिक कामगार पगारासाठी संपावर होते. संप जवळजवळ चार आठवडे चालला आणि करार होऊन मिटला. गाव एकच, धंदा एकच, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भाजलेले हातही तसेच. पण एका गोदीतील माणसाला संप करता येत होता आणि दुसरीतील माणसाला साधी तक्रारही करता येत नव्हती. हा फरक कौशल्याचा नव्हता, धैर्याचाही नव्हता. एकाच्या परतीचे तिकीट मालकाच्या हाती होते, दुसऱ्याच्या नव्हते. एवढाच तो फरक.

मजुरी कोण पाडतो?

या फरकातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. परका माणूस मजुरी पाडतो, असे आपण सहज म्हणतो. पण आपली मजुरी कमी व्हावी अशी कोणत्या मजुराची इच्छा असते? लाखोंचे कर्ज घेऊन गेलेल्या माणसाला तर जास्तच पैसा हवा असतो. तो स्वस्तात राबतो, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. आणि नाही म्हणता येत नाही, कारण एका फोनवर त्याला विमानात बसवता येते. म्हणजे मजुरी पाडणारी गोष्ट त्या माणसाची भीती आहे, आणि ती भीती वापरणारा हात दुसऱ्याचाच आहे.

कधी कधी कायदाच या भीतीत भर घालतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली एक निकाल दिला. प्लॅस्टिकच्या कारखान्यातील एका कामगाराला युनियनच्या कामात भाग घेतला म्हणून काढून टाकले होते. असे काढणे बेकायदा होते, आणि कामगार मंडळाने त्याला सुमारे ६७ हजार डॉलरची भरपाई देवविली होती. पण त्याच्याकडे कामाचा वैध परवाना नव्हता, म्हणून पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ती भरपाई नाकारली. याचा व्यवहारातील अर्थ साधा आहे. कागद असलेल्या कामगारावर अन्याय केला तर मालकाला पैसे मोजावे लागतात, कागद नसलेल्यावर केला तर तेवढे पैसे वाचतात. मग मालक कोणता कामगार पसंत करील?

तेथील कामगार चळवळीला हे समजायला शंभर वर्षे लागली. चिनी कामगारांना देशबंदी करणाऱ्या १८८२च्या कायद्याला संघटित कामगारांचा पाठिंबा होता. १९७४ साली खुद्द शेतमजुरांच्या युनियनने संप मोडायला आणलेल्या बिनकागदी मजुरांविरुद्ध मोहीम उघडली आणि त्यांची खबर सरकारला दिली. त्या मजुरांना संप मोडायला आणणारा मळेवाला मात्र जागच्या जागी राहिला. १९८६ साली बिनकागदी माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड करणारा कायदा झाला, त्यालाही मध्यवर्ती कामगार महासंघाने साथ दिली होती. प्रत्यक्षात त्या कायद्याचा धाक मालकांपेक्षा मजुरांनाच जास्त बसला.

मग १९९९ साली मिनिआपोलिस शहरातील एका हॉटेलातील सफाई कामगारांनी मतदान करून युनियन आणली. लगेच व्यवस्थापनाने इमिग्रेशनवाल्यांना बोलावले आणि त्यांच्यातील पुढाऱ्यांना पकडून दिले. ज्या युनियनला त्या कामगारांनी मते दिली होती, तिने त्यांना सोडले नाही. तिने प्रकरण लावून धरले, भरपाई मिळवली आणि हद्दपारीला स्थगितीही मिळवली. फेब्रुवारी २०००मध्ये कामगार महासंघाच्या कार्यकारिणीने न्यू ऑर्लिन्स येथे आपले जुने धोरण बदलले. तिने बिनकागदी कामगारांना कायद्याने मान्यता द्यावी आणि १९८६चा तो दंड रद्द करावा, अशी मागणी केली. शेजारच्या माणसाला घाबरवता येते तोवर आपल्यालाही वाकवता येते, हे कामगारांनी अनुभवाने ओळखले होते.

फक्त आपल्या फायद्यासाठी?

येथे एखादा वाचक विचारील, की ही सोबत शेवटी स्वतःच्या पगारासाठीच ना? मग तिच्यात पुण्य कसले? शंका रास्त आहे. आपला फायदा आहे तोवरच सोबत राहायचे असेल, तर फायदा संपला की सोबतही संपेल.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ सालच्या आपल्या परिपत्रकात या गोष्टीचा विचार केला आहे. एकजूट म्हणजे दूरच्याचे दुःख ऐकून क्षणभर हळहळणे नव्हे, तर सर्वांच्या हितासाठी झटण्याचा पक्का आणि टिकाऊ निश्चय, असे त्यांच्या शिकवणुकीचे सार आहे. त्याआधी १९८१ साली कामगारांविषयीच्या परिपत्रकात त्यांनी परदेशी कामगारांचा स्वतंत्र विचार केला होता. कामाच्या हक्कांच्या बाबतीत परदेशी कामगार स्थानिकांपेक्षा खाली असता कामा नये, आणि त्याच्या अडचणीचा फायदा उठवून त्याची पिळवणूक होता कामा नये, असे त्यांनी सांगितले. हे लिहिणारा माणूस स्वतः तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि कारखान्यात राबलेला होता.

पवित्र शास्त्रातील अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातही हाच सूर आहे. गरीब मजूर आपला भाऊबंद असो की वेशीच्या आत राहणारा उपरी असो, त्याला पिळू नये आणि सूर्य मावळण्यापूर्वी त्याची मजुरी त्याला द्यावी. नियम दोघांना एकच, कारण संध्याकाळची भूक दोघांना सारखीच लागते.

आणि मत्तयकृत शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला आठवा. तो मुख्यतः देवाच्या कृपेविषयी आहे, मजुरीच्या दराविषयी नाही. तरीही प्रभूने आपले बोलणे मजूर जमतात त्या चौकातच नेऊन ठेवले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दिवस कलताना तेथे उभे असलेले मजूर आळशी नव्हते, त्यांना कोणी कामाला बोलावलेच नव्हते. सकाळपासून राबलेल्यांना ठरलेला दिनार पुरता मिळाला. त्यांची कुरकुर आपल्याला कमी मिळाले याची नव्हती, उशिरा आलेल्यांना आपल्या बरोबरीने मिळाले याची होती. ही कुरकुर आपल्या ओळखीची आहे. परक्याच्या हक्काविषयी कोणी बोलले की तीच आपल्याही ओठांवर येते.

कायद्याचे काय?

दुसरी शंका याहून अवघड आहे. प्रत्येक देशाला आपल्या सीमा राखण्याचा हक्क नाही का? आहे. ख्रिस्तसभेची प्रश्नोत्तरी दोन्ही बाजू मांडते. सुखवस्तू देशांनी पोटासाठी येणाऱ्या परक्याला शक्य तितके सामावून घ्यावे, असे ती म्हणते. सरकारला त्यासाठी अटी घालता येतात, आणि आलेल्याने त्या देशाचे कायदे पाळले पाहिजेत, हेही ती सांगते. म्हणून कोणालाही कधीच परत पाठवू नये, असे आपण म्हणत नाही.

पण सीमा राखणे वेगळे आणि सीमेचा चाबूक करून माणसाकडून काम करून घेणे वेगळे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली माणसाच्या प्रतिष्ठेला काळिमा फासणाऱ्या गोष्टींची एक यादी दिली. मनमानी तुरुंगवास, हद्दपारी आणि गुलामगिरी यांच्या सोबतच, कामगाराला केवळ नफ्याचे साधन समजून वागवणेही त्याच यादीत आहे. पॅस्कागुलाच्या त्या पहाटे हद्दपारीचा धाक आणि नफ्यासाठी वागवणे, दोन्ही एकाच खोलीत होती.

शिवाय सोबत उभे राहणे म्हणजे निर्दोषपणाचा दाखला देणे नव्हे. मार्च २०२५मध्ये मेरीलँड राज्यातील एका शिकाऊ पत्रा कामगाराला अमेरिकेने एल साल्वादोरच्या तुरुंगात पाठवले. त्याला त्या देशात पाठवू नये असा इमिग्रेशन न्यायाधीशाचा आदेश २०१९ पासून होता, आणि पाठवणी चुकीने झाल्याचे सरकारी पक्षाने न्यायालयात मान्य केले. त्याच्या युनियनने लगेच आवाज उठवला. जूनमध्ये त्याला परत आणले गेले आणि त्याच्यावर फौजदारी आरोप ठेवण्यात आले. युनियनची मागणी काय होती? आमच्या माणसाला परत आणा आणि त्याला रीतसर सुनावणी द्या, एवढीच. आरोपाची शहानिशा न्यायालयात होऊ द्या, म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय माणूस नाहीसा करू नका, हे म्हणायला तो संत असावा लागत नाही.

एका धर्मग्रामाने काय केले

युनियनचे काम युनियन करील, आपण काय करायचे? आयोवा राज्यात पोस्टव्हिल नावाचे दोन-अडीच हजार वस्तीचे गाव आहे. १२ मे २००८ रोजी तेथील मांसाच्या कारखान्यावर सरकारी छापा पडला. ३८९ कामगार पकडले गेले, त्यांतील बहुतेक ग्वाटेमालाचे. एक युनियन त्या कारखान्यात कामगारांना संघटित करू पाहत होती. अल्पवयीन मुलांना कामाला जुंपल्याबद्दल चौकशीही चालू होती. छाप्याने तक्रारदार आणि साक्षीदारच उचलले गेले.

त्या दुपारी भेदरलेली बायकामुले गावातील संत ब्रिजिड यांच्या कॅथलिक चर्चमध्ये येऊन बसली, शेकड्यांनी. मुले सांभाळण्यासाठी काही आयांना सोडले होते, पण त्यांच्या घोट्याला पाळतीचा पट्टा बांधलेला होता आणि काम करून कमावण्याची त्यांना मनाई होती. त्या छोट्या धर्मग्रामाने त्यांना जेवण दिले, घरांची भाडी भरली, वकील गाठून दिले. हे दोन-चार दिवस नव्हे, अनेक महिने चालले. तेथील भाविकांत छाप्याविषयी मतभेद नसतील असे नाही. पण रात्री लेकरांना झोपवायचे कोठे, हा प्रश्न मतभेद मिटेपर्यंत थांबत नाही.

आपल्या नाक्यावर

आता आपल्याजवळ येऊ. आपल्याकडे सकाळी नाक्यावर गवंडी, बिगारी, रंगारी उभे असतात. त्यांत बंगाली बोलणारेही असतात. जून २०२५मध्ये मीरा रोड परिसरात राहणाऱ्या पश्चिम बंगालच्या एका गवंड्याला बांगलादेशी ठरवून पकडण्यात आले. त्याच्या घरच्यांनी आणि त्या राज्याच्या स्थलांतरित मजूर कल्याण मंडळाने कागदपत्रे पाठवली होती. तरीही त्याला सीमेपलीकडे ढकलण्यात आले, आणि काही दिवसांत भारतीय म्हणून परत आणावे लागले. तो भारतीय निघाला, म्हणून आपल्याला वाईट वाटते. तो खरोखर बांगलादेशी असता तर? तरीही त्याला न्यायाधीशापुढे उभे राहून आपली बाजू मांडता यायला हवी होती, आणि त्याने बांधलेल्या भिंतीची मजुरी त्याला मिळायला हवी होती. कोणत्या देशाचा माणूस, हे सरकार ठरवील. त्याची रोजंदारी कोणी बुडवायची नाही, हे ठरवणे आपल्या हातात आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी. घराचे काम काढले असेल तर मजुराला त्याच संध्याकाळी पैसे द्यावेत, पुढच्या आठवड्यावर ढकलू नयेत. ठेकेदार पैसे देतो की नाही, हे विचारावे. पोलिसांची भीती दाखवून कोणाचे भाडे वाढवू नये, कोणाची मजुरी कापू नये, आणि कोणी तसे करत असेल तर त्याला अडवावे. मजुराचे नाव, गाव आणि घरचा फोन नंबर लिहून ठेवावा, म्हणजे तो पकडला गेला तर निदान घरच्यांना कळवता येईल आणि वकील गाठता येईल. आपल्यातील जे युनियनमध्ये आहेत, त्यांनी कंत्राटी आणि परप्रांतीय कामगारांचे प्रश्न सभेत मांडावेत. आणि परदेशी निघालेल्या आपल्या मुलांना सांगावे, की एजंटला पैसे देण्याआधी व्हिसा कोणत्या मालकाशी बांधलेला आहे ते वाचून घे.

पॅस्कागुलाच्या कामगारांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. मार्च २००८मध्ये सुमारे शंभर जण कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी आपली हेल्मेटे गोदीच्या फाटकावर टाकली. व्हिसा गेला, हद्दपारी डोक्यावर आली. तरी ते वॉशिंग्टनपर्यंत गेले आणि तेथे उपोषणाला बसले. कामगार संघटना, नागरी हक्कांचे कार्यकर्ते आणि चर्चमधील माणसे त्यांच्या सोबत राहिली. फेब्रुवारी २०१५मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पाच कामगारांना सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. त्याच वर्षी कंपनीने दिवाळे जाहीर केले, उरलेल्या दाव्यांत २ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली आणि कामगारांची जाहीर माफी मागितली. सात-आठ वर्षे कोणीतरी त्यांच्या सोबत उभे राहिले, म्हणून हे झाले.

संत योसेफ, तूही बायकोमुलाला घेऊन परक्या देशात राहिलास. ज्यांच्या परतीचे तिकीट दुसऱ्याच्या हाती आहे, अशा सर्व कष्टकऱ्यांसाठी विनंती कर. आणि त्यांच्या शेजारी उभे राहण्याचे बळ आम्हाला लाभावे म्हणून, आमच्यासाठीही.